दख्खनी मेंढी : अनुकूलन, आनुवंशिकता आणि पैदाशीच्या नराची निवड

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात मेंढीपालन म्हणजे मुख्यतः दख्खनी मेंढी. कमी पाऊस, खडकाळ माळ, तुटपुंजा चारा आणि दरवर्षीचे स्थलांतर अशा परिस्थितीत ही जात पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. तिचा काटकपणा आनुवंशिक आहे. निसर्गाची छाटणी आणि मेंढपाळांची निवड या दोन्हींतून तो तयार झाला आहे.

ही निवड आजही सुरू आहे. कोणते नर कोकरू बाजारात जाते आणि कोणते कळपात राहते, यावर पुढची पिढी ठरते. बहुतेक कळपांत हा निर्णय नकळत होतो आणि अनेकदा उलट्या दिशेने होतो. दख्खनी मेंढीचे गुण कशामुळे तयार झाले, त्यातील कोणते गुण बदलणे फायद्याचे आहे आणि कळपाच्या पातळीवर नराची निवड कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

अनुकूलन कसे घडते?

एकाच कळपातील सर्व मेंढ्या सारख्या नसतात. काही उन्हात लवकर धापा टाकतात, काही दुपारीही चरत राहतात. काहींचे खूर पावसाळ्यात कुजतात, काहींचे टिकतात. या फरकांचा काही भाग व्यवस्थापनामुळे असतो, तर काही भाग आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे असतो. दुष्काळ, रोग आणि लांबची चाल यांत ज्या मेंढ्या तगतात, त्यांचीच कोकरे पुढे वाढतात. अशा प्रकारे उपयोगी जनुकांचे प्रमाण दर पिढीत थोडे थोडे वाढत जाते. याला नैसर्गिक निवड म्हणतात.

त्यावर मेंढपाळाची निवड असते. कोकरू न स्वीकारणारी मेंढी विकणे, चांगल्या दुधाच्या मेंढीचा नर राखणे, घोंगडीसाठी काळ्या लोकरीला पसंती देणे हे सर्व निवडीचेच प्रकार आहेत. स्थानिक जात ही या दोन्ही निवडींचा एकत्रित परिणाम असते. म्हणून तिचा एखादा गुण कमी प्रतीचा वाटला, तर तो कोणत्या परिस्थितीमुळे तयार झाला हे आधी पाहावे.

दख्खनी मेंढीचे गुण आणि त्यामागील कारणे

दख्खनी मेंढी महाराष्ट्रासह कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशाच्या पठारी भागात आढळते. रंग बहुतांशी काळा किंवा काळ्यावर पांढरे पट्टे असा असतो. कान लोंबते, नाक किंचित बाकदार, शेपटी आखूड व बारीक असते. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन साधारण ३० किलोच्या आसपास असते.

- मध्यम बांधा : लहान शरीराला जगण्यापुरता चारा कमी लागतो. चाराटंचाईच्या चार-पाच महिन्यांत मोठ्या बांध्याची मेंढी लवकर खंगते. मध्यम बांध्याची मेंढी वजन घटवून तग धरते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा भरते.
- चालण्याची क्षमता : फिरता कळप दिवसाला कित्येक किलोमीटर चालतो. खरीप काढणीनंतर पुणे, सातारा भागातील काही कळप घाट उतरून कोकणात जातात, भातखाचरांत बसतात आणि पावसाळ्यापूर्वी परत येतात. कच्च्या पायाची मेंढी या वाटेवर मागे पडते आणि विकली जाते.
- जाडीभरडी, विरळ लोकर : ही लोकर कपड्यासाठी निकृष्ट मानली जाते. परंतु ती मोकळी असल्याने त्यातून हवा खेळते आणि पावसात भिजल्यावर लवकर वाळते. सणगर समाजाने विणलेल्या घोंगड्या याच लोकरीच्या असतात.
- बहुधा एकच कोकरू : शंभर वेतांत जेमतेम चार-पाच जुळी, हे दख्खनीचे सर्वसाधारण प्रमाण आहे. यामागचे कारण पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

दख्खनीमध्येही भागानुसार प्रकार आहेत. सातारा-पुण्याकडील लोणंद, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिककडील संगमनेरी, सोलापूर-सांगोला भागातील सोलापुरी आणि कोल्हापुरी असे चार प्रकार सांगितले जातात. कोल्हापूरकडे पाऊस जास्त, सांगोल्याकडे अतिशय कमी. त्यामुळे एका भागातील उत्तम नर दुसऱ्या भागात तितकाच चांगला ठरेल असे गृहीत धरू नये.

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी दिसायला वेगळी असते. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखे बाकदार नाक, उंच बांधा आणि जलद वाढ ही तिची ओळख आहे. लोकरीला भाव राहिला नाही आणि कोकरांच्या वजनावरच उत्पन्न ठरू लागले, तेव्हापासून अनेक मेंढपाळ दख्खनी कळपात माडग्याळ नर वापरत आहेत. हाही निवडीतील बदलच आहे.

लोकर सुधारणेच्या संकरातून मिळालेला धडा

विसाव्या शतकात देशभरात स्थानिक मेंढ्यांचा मेरिनो, रॅम्बुले अशा परदेशी जातींशी संकर करून लोकर सुधारण्याचे प्रयत्न झाले. दख्खनीवरही असे संकर करण्यात आले. प्रक्षेत्रावर, गोठ्यात चारा-खुराक दिल्यावर संकरित मेंढ्यांची लोकर तलम आणि जास्त निघाली. मात्र फिरत्या कळपांमध्ये हे संकर रुजले नाहीत.

याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. मेरिनोची लोकर दाट आणि तेलकट असते. आपल्या पावसात ती भिजून राहते. तलम लोकर वाढवण्यासाठी नियमित पोषण लागते आणि उन्हाळ्यातील माळावर ते मिळत नाही. शिवाय घोंगडीला काळी लोकर हवी असते. एक गुण बाहेरून आणताना त्या गुणाला लागणारी परिस्थितीही आणावी लागते, हा यातील धडा आहे. नवीन जातीचा नर घेताना प्रत्येक मेंढपाळाने एवढे विचारावे : हा नर जिथे वाढला तिथला चारा, पाणी आणि निवारा माझ्याकडे वर्षभर आहे का?

एकच कोकरू का?

फिरत्या कळपातील मेंढीला व्याल्यानंतर लगेच चालावे लागते. माळावरच्या चाऱ्यावर तिला एका कोकराला पुरेल इतकेच दूध असते. जुळी झाली तर दोन्ही कोकरे अशक्त राहतात, मेंढी खंगते आणि पुढचा माज लांबतो. अशा परिस्थितीत एक सशक्त कोकरू देणाऱ्या मेंढ्यांचा वंश टिकला. म्हणजे कमी जुळे हा दोष मानण्यापेक्षा कमी चाऱ्याशी घातलेला मेळ मानावा.

जिथे परिस्थिती वेगळी होती तिथे निवडही वेगळ्या दिशेने गेली. पश्चिम बंगालमधील सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. तिचे वजन केवळ १० ते १४ किलोच्या आसपास असते. ती दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. एवढ्याशा मेंढीला जुळी होणे सर्रास आणि तिळीही होतात. तिच्या या गुणामागे फेक-बी हे एकच प्रभावी जनुक आहे.

या जनुकाचा प्रवास रंजक आहे. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात मेंढ्या नेण्यात आल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधील ‘बुरूला’ या शेतावरील मेरिनो कळपात जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या आढळल्या आणि त्यांचे संशोधन सुरू झाले. २००१ मध्ये या गुणामागील जनुकीय बदल नेमका सापडला. तो मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यानंतर लगेचच गारोळ मेंढीतही नेमका तोच बदल असल्याचे तपासणीत दिसले. त्यामुळे बुरूला मेरिनोला हे जनुक बंगालच्या मेंढीकडून मिळाले असावे, असे मानले जाते.

फेक-बी जनुक आणि महाराष्ट्रातील काम

फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्था बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केली. या संस्थेने १९९० च्या दशकात गारोळ मेंढ्या आणून दख्खनी मेंढीत फेक-बी जनुक आणण्याचे काम सुरू केले. गारोळचा लहान बांधा नको होता. हवे होते फक्त तिचे एक जनुक. म्हणून गारोळ संकरातील जनुकधारक नर पुन्हा पुन्हा दख्खनी आणि कर्नाटकातील बन्नूर मेंढ्यांवर वापरले गेले. दर पिढीत गारोळचा रक्ताचा वाटा निम्मा होत गेला आणि तपासणी करून जनुक मात्र राखले गेले. दूध आणि बांधा वाढावा म्हणून इस्रायलच्या अवासी जातीचाही वापर झाला. यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही याच पद्धतीने गारोळ, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्यापासून ‘अविशान’ ही मेंढी विकसित केली आहे.

हे जनुक समजून घेताना पुढील मुद्दे लक्षात ठेवावेत.

- प्रत्येक मेंढीत या जनुकाच्या जागी दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. फेक-बीची एक प्रत असली तरी जुळ्यांचे प्रमाण वाढते. एक प्रत असलेल्या दख्खनी संकरित मेंढ्यांत सरासरी दर वेतास दीडच्या आसपास कोकरे मिळू शकतात. चांगले पोषण नसेल तर प्रमाण कमी राहते.
- दोन प्रती असलेला नर साध्या दख्खनी मेंढ्यांना लावल्यास सर्व कोकरांत एकेक प्रत येते. एक प्रत असलेला नर लावल्यास सुमारे निम्म्या कोकरांतच ती येते.
- नरामध्ये हे जनुक डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या अंगावर, वजनावर किंवा रंगावर त्याची कोणतीही खूण नसते. रक्ताच्या नमुन्यावरील डीएनए तपासणी हाच खात्रीचा मार्ग आहे. ‘जुळ्यातला नर आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून जास्त पैसे मोजू नयेत.
- एक प्रत असलेल्या मुलींना पुन्हा दोन प्रतींचा नर लावल्यास पुढच्या पिढीत निम्म्या कोकरांत दोन प्रती येतात. त्या मेंढ्यांना तिळी होण्याची शक्यता वाढते. सामान्य कळपाला एका प्रतीच्या मेंढ्या पुरेशा आहेत. त्यामुळे दुसऱ्या पिढीत जनुक नसलेला, पण वाढीला उत्तम असा नर वापरता येतो.

जुळ्यांचे जनुक कोणाच्या कळपात आणावे?

ज्याच्याकडे बागायती क्षेत्र, ऊस-मका यांचा चारा, लसूणघास, सुबाभूळ किंवा बांधावरचा पाला आहे आणि जो अर्धबंदिस्त पद्धतीने २० ते ४० मेंढ्या पाळतो, त्याला जुळ्यांचा फायदा मिळतो. मेंढी एकच, तिचा वर्षाचा सांभाळ जवळपास तोच आणि विक्रीला कोकरे जास्त.

मात्र पुढील तयारी आवश्यक आहे.

- गाभण काळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातील कोकरांची वाढ सर्वांत वेगाने होते. या काळात मेंढीला दररोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्यावा.
- जुळी कोकरे जन्मतः हलकी असतात. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत दोघांनाही चीक मिळाला का, हे स्वतः पाहावे. अशक्त कोकराला हाताने धरून पाजावे.
- पहिले दोन-तीन आठवडे जुळ्यांची आई कळपासोबत लांब चरायला पाठवू नये.
- दूध कमी पडल्यास शेळीच्या दुधाची सोय ठेवावी.

वर्षातील आठ महिने वाटेवर असणाऱ्या, वाड्यावर राहणाऱ्या कळपाला ही तयारी शक्य होत नाही. त्या मेंढपाळाने जुळ्यांच्या मागे न लागता कोकरांची वाढ, आईचे दूध आणि कोकरे जगण्याचे प्रमाण या गुणांवर निवड करावी. दोन कोकरांपैकी एक दगावणे यापेक्षा एकच कोकरू तीन महिन्यांत चांगले भरणे केव्हाही फायद्याचे ठरते.

कळपात होणारी उलटी निवड

फिरत्या आणि स्थायी अशा दोन्ही कळपांत सर्वांत मोठे नुकसान येथे होते. व्यापारी वाड्यावर येतो आणि तीन-चार महिन्यांच्या नर कोकरांतून सर्वांत भरलेली कोकरे निवडतो, कारण त्यांना वजन असते. पैशाची गरज असते, भावही चांगला मिळतो आणि कोकरे जातात. मागे राहतात ती उशिरा जन्मलेली, कमी वाढलेली किंवा आजारातून उठलेली कोकरे. वर्षभराने नराची गरज पडते तेव्हा यांतूनच एक ‘बरा’ दिसणारा नर राखला जातो.

म्हणजे पैदाशीच्या नराची निवड व्यापाऱ्याने केलेली असते, तीही सर्वांत चांगला काढून घेऊन. असे दहा-पंधरा वर्षे चालले की कळपाची वाढ मंदावते. मग ‘दख्खनीत काही राहिले नाही’ असे म्हणून बाहेरचा महागडा नर आणला जातो. जातीत गुण असतात. ते दरवर्षी गाडीत बसून निघून जातात.

नराचे महत्त्व आकड्यांत पाहू. एका मेंढीपासून वर्षाला एखादे कोकरू मिळते. तिची चूक निवड झाली तर परिणाम एका कोकरापुरता राहतो. नर मात्र हंगामात २५ ते ३० कोकरांचा बाप होतो. प्रत्येक कोकराची निम्मी आनुवंशिकता त्याच्याकडून येते.

उदाहरणासाठी धरू की कळपातील कोकरांचे तीन महिन्यांचे सरासरी वजन १३ किलो आहे आणि वजनातील फरकांपैकी २० टक्के भाग पुढच्या पिढीत उतरतो. १७ किलो भरलेला नर राखला, तर तो सरासरीपेक्षा ४ किलो सरस आहे. त्यातील निम्मा वाटा कोकरांकडे जातो, म्हणजे २ किलो. त्याचे २० टक्के म्हणजे ०.४ किलो. दर कोकरामागे ४०० ग्रॅम वाढ थोडी वाटते, पण ४५ कोकरांमागे ती १८ किलो जिवंत वजन होते आणि त्यासाठी चाऱ्याची पेंढीही जास्त विकत घ्यावी लागत नाही. उलट ११ किलोचा मागे राहिलेला नर वापरला, तर दर कोकरामागे ०.२ किलो घट येते. दोन्हींतील फरक ४५ कोकरांमागे २७ किलो होतो. ही वाढ किंवा घट पुढच्या पिढ्यांतही टिकते, कारण त्याच्या मुली कळपात राहतात.

नराची निवड : टप्प्याटप्प्याने

१. ओळख आणि नोंद : प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला मारावा. वहीत पाच गोष्टी लिहाव्यात : बिल्ला क्रमांक, जन्मतारीख, आईचा क्रमांक, एकटे की जुळे, जन्मवजन. साधा ताणकाटा आणि गोणपाटाची झोळी वजनाला पुरते. फिरत्या कळपात जन्मवजन जमले नाही तरी जन्माचा आठवडा नक्की लिहावा.

२. वयानुसार वजनाची तुलना : एकाच दिवशी केलेल्या वजनावरून निवड करू नये, कारण कोकरांची वये वेगळी असतात. ९० दिवसांचे वजन पुढील रीतीने काढावे : आजच्या वजनातून जन्मवजन वजा करावे, आलेल्या आकड्याला वयाच्या दिवसांनी भागावे, ९० ने गुणावे आणि जन्मवजन मिळवावे.

समजा दोन्ही कोकरांचे जन्मवजन ३ किलो आहे. पहिले १०० दिवसांचे असून १४ किलो भरले. त्याचे ९० दिवसांचे वजन १२.९ किलो येते. दुसरे ८० दिवसांचे असून १३ किलो भरले. त्याचे ९० दिवसांचे वजन १४.२५ किलो येते. डोळ्यांना पहिले कोकरू मोठे दिसते, पण वाढीला दुसरे सरस आहे.

जुळ्यातील कोकराने दूध वाटून घेतलेले असते. त्याची तुलना जुळ्यांशीच करावी. तसेच पहिलटकरणीच्या कोकराची तुलना पहिलटकरणींच्या कोकरांशी करावी.

३. आईची पाहणी : ज्या मेंढीने दरवर्षी कोकरू दिले, जगवले आणि चांगले वाढवले तिच्याच नराला प्राधान्य द्यावे. दूध आणि मातृत्वाचे गुण नरात दिसत नाहीत, पण त्याच्या मुलींत उतरतात.

४. दोन पायऱ्यांत निवड : दर ५० मेंढ्यांमागे तीन महिन्यांच्या वयात सर्वोत्तम पाच-सहा नर कोकरे राखून ठेवावीत. व्यापाऱ्याला वाड्यावर बोलावण्यापूर्वीच त्यांच्या कानात वेगळ्या रंगाचा बिल्ला मारावा. सहा ते नऊ महिन्यांच्या वयात पुन्हा वजन, पाय आणि आरोग्य पाहून त्यांतील दोन-तीन ठेवावेत. उरलेले तेव्हा विकावेत. वजन वाढल्याने त्यांचे पैसे वाया जात नाहीत.

५. शरीराची तपासणी : दोन्ही अंडकोष सारखे, भरलेले आणि खाली उतरलेले असावेत. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकावेत. जबडा पुढे-मागे असलेला नर चरण्यात मागे पडतो आणि हा दोष कोकरांतही येऊ शकतो. चारही पाय सरळ आणि खूर घट्ट असावेत.

६. दिखाऊ गुणांना मर्यादा : बाकदार नाक, ठरावीक रंग किंवा लांब कान यांवरून काही नरांना फार मोठी किंमत मागितली जाते. जातीची ओळख राखण्यापुरते हे गुण पाहावेत. नाकाच्या बाकाने कोकराचे वजन वाढत नाही. विकत घेताना नराचे स्वतःचे ९० दिवसांचे वजन आणि आईची नोंद मागावी.

आंतरप्रजनन टाळणे

एकच नर वर्षानुवर्षे ठेवला की तो स्वतःच्या मुलींना लागतो. जवळच्या नात्यातील पैदाशीमुळे आई आणि बाप दोघांकडून एकच सदोष जनुक कोकरात येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे जन्मवजन घटते, कोकरे दगावण्याचे प्रमाण वाढते, मेंढ्या उलटतात आणि क्वचित व्यंग असलेली कोकरे जन्मतात.

५० मेंढ्यांचा कळप बाहेरचा नर न आणता बंद ठेवला, तर दर पिढीत आंतरप्रजनन पुढीलप्रमाणे वाढते :

- एक नर : सुमारे १२.८ टक्के
- दोन नर : सुमारे ६.५ टक्के
- चार नर : सुमारे ३.४ टक्के

मेंढ्यांची संख्या दुप्पट केली तरी नर एकच असेल तर हा आकडा फारसा बदलत नाही. म्हणून दर २५ ते ३० मेंढ्यांमागे एक नर ठेवावा आणि दर दोन वर्षांनी नर बदलावा. बदललेला नर चांगला निघाला असेल तर तो खाटकाला न देता दुसऱ्या गावच्या कळपाशी अदलाबदल करावी. बाहेरून आणलेला नर किमान तीन आठवडे वेगळा ठेवून जंतनिर्मूलन व लसीकरणानंतरच कळपात सोडावा.

न राखलेल्या नर कोकरांचाही विचार करावा. कळपात फिरणारी चार-पाच महिन्यांची नर कोकरे माजावरच्या मेंढ्यांना लागू शकतात. निवडलेला नर असूनही निम्मी कोकरे नको त्या नराची निघतात. अशी कोकरे विकेपर्यंत वेगळी ठेवावीत किंवा पशुवैद्यकाकडून त्यांचे खच्चीकरण करून घ्यावे.

काटकपणाचीही निवड करावी

फक्त वजनाकडे पाहून निवड केल्यास काही पिढ्यांत बांधा वाढतो, पण चाऱ्याची गरज वाढते आणि तग धरण्याची क्षमता मागे पडू शकते. म्हणून पुढील गुणांची नोंदही ठेवावी.

जंतांचा प्रतिकार : पोटातील रक्त शोषणारे गोल कृमी पावसाळ्यात मोठे नुकसान करतात. काही मेंढ्यांत कृमींची अंडी कमी आढळतात आणि हा गुण काही अंशी आनुवंशिक आहे. दलदलीत चरणाऱ्या गारोळच्या संकरित कोकरांत हा प्रतिकार चांगला असल्याचे फलटण येथील अभ्यासात दिसले. कळपात हा गुण ओळखण्यासाठी डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतील रंग पाहावा. लालबुंद असल्यास मेंढी निरोगी, फिकट गुलाबी किंवा पांढरट असल्यास रक्त कमी झाले आहे. यासाठी दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेला पाच श्रेणींचा रंगतक्ता वापरला जातो. ज्या कोकराला एका पावसाळ्यात वारंवार जंतनाशक द्यावे लागते, ते पैदाशीसाठी राखू नये.

पाय आणि खूर : वारंवार लंगडणाऱ्या मेंढ्यांची नोंद ठेवावी. त्यांची नर कोकरे निवडू नयेत.

उन्हाळ्यातील वजनघट : शक्य असल्यास मार्च आणि जूनमध्ये वजन करावे. कमी घट असलेल्या मेंढ्या आपल्या माळाला सर्वांत जुळलेल्या असतात.

नियमित वेत : दोन वर्षे सलग न फळलेली मेंढी कितीही देखणी असली तरी काढून टाकावी.

गटाने केलेली निवड अधिक परिणामकारक

४०-५० मेंढ्यांच्या एका कळपात दरवर्षी वीसेक नर कोकरे जन्मतात. त्यातून निवडीला वाव कमी असतो. पाच-सहा मेंढपाळ एकत्र आले तर शंभरावर नर कोकरांतून निवड करता येते आणि नात्यातील पैदासही टळते. कृषी विज्ञान केंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना आणि विस्तार कार्यकर्त्यांनी अशा गटासाठी पुढील कामे करावीत.

- सर्व कळपांसाठी एकाच पद्धतीचे बिल्ले आणि नोंदवही द्यावी.
- काढणीचा हंगाम संपून कळप बाहेर पडण्यापूर्वी आणि परतल्यावर असे वर्षातून दोन वेळा वजनाचे दिवस ठरवावेत.
- निवडलेल्या नर कोकराच्या मालकाला व्यापाऱ्याच्या भावाइतकी रक्कम गटाच्या निधीतून आगाऊ द्यावी. पैशाची गरज हेच चांगला नर विकला जाण्याचे मुख्य कारण असल्याने ही व्यवस्था सर्वांत महत्त्वाची आहे.
- नर दोन-दोन वर्षांनी कळपांमध्ये फिरवावेत आणि कोणता नर कोठे होता याची नोंद ठेवावी.

सुधारित नरांसाठी पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, फलटणची निंबकर संस्था आणि दख्खनी मेंढीवर काम करणारे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधता येतो. नर उपलब्धतेची चौकशी मे महिन्यापूर्वीच करावी. पावसाच्या सुरुवातीला हिरवा चारा मिळू लागताच मेंढ्या माजावर येतात आणि जूनमध्ये फळलेली मेंढी नोव्हेंबरमध्ये विते. त्यामुळे चांगला नर जूनपूर्वी कळपात असणे गरजेचे आहे.

थोडक्यात

- दख्खनी मेंढीचा मध्यम बांधा, विरळ लोकर आणि एकच कोकरू हे कमी चारा व लांबच्या चालीशी जुळलेले गुण आहेत.
- फेक-बी जनुकाचा फायदा चारा, खुराक आणि देखरेख असलेल्या अर्धबंदिस्त कळपांना होतो. नर घेताना डीएनए तपासणीचा अहवाल पाहावा.
- व्यापारी येण्यापूर्वी सर्वोत्तम नर कोकरांना बिल्ला मारून बाजूला काढावे.
- निवड ९० दिवसांच्या वजनावर, आईच्या नोंदीवर आणि जंत-खुरांच्या तक्रारी पाहून करावी.
- ५० मेंढ्यांमागे किमान दोन नर ठेवावेत आणि दर दोन वर्षांनी बदलावेत.